जुन्या आरपीजीतली लेव्हल: कमाई की हमाली?

तळघरवासी (धागाकर्ता)
रविवारी धाकट्या चुलतभावाला 'विझार्ड्री' लावून दिली. आरपीजी, म्हणजे आपली पात्रं घडवत, वाढवत खेळायचा गेम. मूळ गेम १९८१ चा, हिची २०२४ साली आलेली नवी आवृत्ती. चित्रं नवी, आतला हिशेब जुनाच. सहा जणांची पार्टी करून पठ्ठ्या तळघरात उतरला. तासभर मारामाऱ्या करून एक्सपी (अनुभवाचे गुण) जमवल्यावर म्हणतो, "दादा, एक्सपी भरले की! लेव्हल का नाही वाढत?" म्हटलं, अशी नाही वाढत. जिवंत वर ये, गावातल्या सरायमध्ये मुक्काम कर, मग वाढेल.
वर येताना पार्टीतला पुजारी मेला. देवळात पैसे भरून उठवायला गेलो, तर त्याची राख झाली. भाऊ दोन मिनिटं गप्प.
माझं म्हणणं एवढंच, की हीच खरी लेव्हल. आता वर जावं, की अजून एक दार उघडावं? ती धाकधूक गेली आणि नुसता आकडा उरला.

हाफडे
साफ असहमत. सिंहगडावर गाडी जाते म्हणून चढणारे गाडीवाल्यांना नावं ठेवतात, त्यातला प्रकार. वर गेल्यावर भजी सगळ्यांना एकाच कढईतली.
'बार्ड्स टेल' (१९८५) आठवतोय? किल्ल्यात एका जागी ९९ बर्सर्करांचे (बेभान लढवय्यांचे) चार गट, एकूण ३९६ जण. चारही गटांवर बसणारा मंत्र टाकायचा, एक्सपी गोळा करायचे, बाहेर पडायचं, परत आत यायचं, तेच ३९६ पुन्हा हजर. यात धाकधूक कुठली? हमाली आहे ही. मुलगी झोपल्यावर मला आठवड्याला दोन तास मिळतात, ते मी त्या ३९६ जणांना का द्यावेत?

नारायणपेठी
हाफडे, हमालीबद्दल सहमत. 'फायनल फँटसी टू'मध्ये (१९८८) तर लेव्हलच नव्हती, जे वापराल ते वाढायचं. मार खाल्ला की एचपी (किती मार सोसता येईल तो आकडा) वाढतात म्हटल्यावर लोकांनी काय केलं? आपल्याच माणसांना बदडलं!
पण धाकधुकीबद्दल मी धागाकर्त्याच्या बाजूने. 'बाल्डर्स गेट' (१९९८) ८९,००० एक्सपीला थांबायचा. म्हणजे योद्ध्याची जेमतेम सातवी लेव्हल. पहिलीला एचपी पूर्ण मिळतात, पुढे दर लेव्हलला किती वाढतील ते फासा ठरवणार, म्हणजे सहाच फासे. एकेक फासा जड.
आमच्याकडे गुरुवारी लाइट जायची म्हणून सकाळी सातलाच बसलो होतो. लेव्हल वाढवली, योद्ध्याला दहापैकी दहा! सेव्ह करायच्या आत लाइट गेली. संध्याकाळी पुन्हा तेच बटण दाबलं, दोन आले. वैतागून तसेच ठेवले. मग त्याला पुढे उभा करायची सोय राहिली नाही. हातात धनुष्य दिलं, मागे ठेवला. गेम संपेपर्यंत तो मागूनच लढला. बाकी पाच जण कोण होते, आज नीट आठवत नाही.

हाफडे
ठेवले? खरं सांगताय? आम्ही बटणाआधी सेव्ह करायचो. मांत्रिकाचा फासा चाराचा, एक आला की सेव्ह केलेला गेम रीलोड, पुन्हा एक, पुन्हा रीलोड, चार येईपर्यंत. सगळं पुणं हेच करत होतं. मग फाशाचं नाटक कशाला? सरळ चार देऊन टाका.

तळघरवासी
म्हणून तर विझार्ड्रीचं नाव घेतलं. तिथे मेला की लगेच डिस्कवर नोंद. लेव्हल वाढताना ताकद किंवा बुद्धी कमीसुद्धा व्हायची, गुपचूप गिळायचं.
आणि फासे काढून टाकले तरी काय हाती लागतं? २००६ चा 'ऑब्लिव्हियन' घ्या. आपण वाढलो की जगही वाढतं. रस्त्यावर शे-दोनशे नाण्यांसाठी अडवणारा दरोडेखोर स्वतः काचेचं महागडं चिलखत घालून उभा! अरे, ते विकलंस तर दरोडा कशाला घालावा लागेल? तुमचे दोन तास तिथे तरी कुठे वाचले?

हाफडे
ऑब्लिव्हियनबद्दल बोलू नका, दुखरी नस आहे ती. पण एक वाईट म्हणून दुसरं चांगलं ठरत नाही.

चहाबिस्कीट
वाचनमात्र होतो, राहवलं नाही. चुलतभावाचं काय झालं पुढे?

तळघरवासी
मला वाटलं होतं सोडून देईल. नवा पुजारी केलाय, नाव ठेवलंय 'राखोबा'. आत्ता पावणेबाराला मेसेज आला: दुसऱ्या मजल्यावर आहे, राखोबाचे तीन एचपी उरलेत, समोर दार आहे, वर येऊ का?

हाफडे
मंत्र किती शिल्लक आहेत विचारा.

तळघरवासी
बरं करायचा एक.

हाफडे
मग उघड म्हणावं. आणि काय झालं ते इथे टाका, मी जागा आहे.