छातीच्या सीटीत डाय (शिरेतून देतात ते आयोडीनचं औषध, म्हणजे कॉन्ट्रास्ट) कमी कसा लावायचा?

गिरणाकाठ, चाळीसगाव
राम राम मंडळी. १६ स्लाइस मशीन, डबल हेड इंजेक्टर (डाय आणि सलाइन दोन्ही सोडणारा), ३५० चा डाय (मिलीला ३५० मिलिग्रॅम आयोडीन). फुप्फुसातली गुठळी बघायची असली की सरसकट ८० मिली, सेकंदाला ४ मिली, १२० केव्हीवर (एक्स-रे ट्यूबचा व्होल्टेज). सलाइन मारत नाही. तरी पल्मनरी आर्टरी (हृदयातून फुप्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी) कधीकधी फिकी येते, एसव्हीसी (वरून हृदयात येणारी मोठी शीर) मात्र पांढरीफटक. डाय ६० वर आणता येईल का?

सीटी_भुसावळ
येईल भाऊ. पेशंट ८० किलोच्या आत असेल तर केव्ही १०० करा. आयोडीन ३३ केईव्हीच्या (किरणांच्या ऊर्जेचं माप) जरा वरचे किरण सर्वांत जास्त शोषतं, म्हणून केव्ही उतरवला की तेवढाच डाय जास्त उजळतो. ६० मिली डाय आणि लगेच मागून त्याच वेगानं ४० मिली सलाइन. सलाइनचा रेटा नसला की शेवटचा डाय दंडाच्या शिरेत आणि एसव्हीसीत पडून राहतो, कामाला येत नाही. स्कॅन खालून वर घ्या. वर पोचेपर्यंत एसव्हीसी धुऊन निघते.

कॅन्युला उजव्या कोपरात, १८ किंवा २० नंबर. हात डोक्यावर घेतल्यावर आधी सलाइन सोडा, बोटानं शीर चाचपा. फुगली किंवा दुखली तर डाय सोडूच नका.

सातपुडा, नंदुरबार
फिकेपणाचं कारण बऱ्याचदा श्वास असतो. "मोठा श्वास घ्या" म्हटलं की आयव्हीसीतलं (पोटाकडून हृदयात येणारी मोठी शीर) बिनडायचं रक्त एकदम वर ओढलं जातं आणि ऐन वेळी डाय पातळ होतो. मशीनमधली रेकॉर्ड केलेली सूचना बंद करा. "साधा श्वास घ्या, थांबा" एवढंच, तेही टेबलावर आधी दोनदा करून घ्या. पावरी किंवा भिलोरी बोलणारा पेशंट असेल तर नातेवाइकाकडून त्याच्या बोलीत समजावून घ्या, याला पर्याय नाही.

मे महिन्यात पेशंट सुकलेले येतात. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघा, ईजीएफआर (त्यावरून काढलेला किडनी किती गाळते याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय डाय नको. सिकलसेलवाल्यांना तर पाणी कमी पडता कामा नये.

गिरणाकाठ, चाळीसगाव
आभारी आहे. १०० च्या बाटलीत उरलेल्या ४० मिलीचं काय?

सीटी_भुसावळ
एका पेशंटची बाटली दुसऱ्याला नाही, उरलेला डाय टाकायचाच. ५० च्या बाटल्या मागवा. बारीक अंगाच्या पेशंटला १०० केव्हीवर एक पुरते. आणि एचआरसीटी (फुप्फुसाचा बारीक कापांचा सीटी) किंवा फुप्फुसातल्या छोट्या गाठीचा फॉलोअप असेल तर डाय लागतच नाही. चिठ्ठीवर "कॉन्ट्रास्ट" दिसलं की आधी कशासाठी ते विचारा, खरी बचत तिथंच आहे.