पपनसाच्या सरबतात विष कुणी घातलं? मल्हारराव गायकवाडांचा खटला

रावपुरेकर
परवा घरी सगळे जमले असताना बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांचा विषय निघाला. मामा ठासून म्हणाले, "विष त्यांनीच घालायला लावलं, नाहीतर गादी कशी गेली?" मला हे मुळीच पटत नाही.

९ नोव्हेंबर १८७४. बडोद्याचे रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर सकाळी फिरून आले. नेहमीप्रमाणे पपनसाचं सरबत भरून ठेवलेलं. दोन-तीन घोट घेतले, चव बिघडलेली वाटली म्हणून बाकीचं ओतून दिलं. पेला खाली ठेवताना तळाशी काळपट गाळ दिसला. तपासणीत सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड निघाली.

आता बघा, २ नोव्हेंबरलाच महाराजांनी व्हाइसरॉयना खलिता (पत्र) धाडून फेअरना हलवायची मागणी केली होती. त्याचा निकाल लागायच्या आत कुणी विष घालेल का?

मांडवीची लेक
दादा, घालेल. हेच मल्हारराव थोरल्या भावाच्या, खंडेरावांच्या जिवावर उठल्याच्या संशयावरून पाद्र्याला कैदेत होते. रेसिडेन्सीचा, म्हणजे रेसिडेंटच्या कचेरीचा, हवालदार रावजी कबूल झाला, महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंतही बोलले. आणि हिऱ्याची पूड हवालदाराच्या घरी कुठली? ती राजवाड्यातलीच.

रावपुरेकर
ताई, नेमकं तेच मला खटकतं. काम सोमलानं भागत होतं. हिरा वाटून घातला की बोट थेट राजवाड्याकडे जातं. ज्याला महाराजांना गोवायचं होतं त्याला तर हे हवंच होतं!

वकिलीतला एक
मी पुराव्याकडे बघतो. रावजीच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली, ती घटनेनंतर कित्येक आठवड्यांनी, तीही पोलिसांना. इतके दिवस कुणी जवळ ठेवेल? माफीच्या बोलीवर दिलेल्या जबान्यांना तर स्वतंत्र आधार लागतोच. महाराजांच्या बाजूनं लंडनहून आलेले बॅरिस्टर सार्जंट बॅलंटाइन यांनी यावरच घाव घातला. खटल्यासाठी सरकारनं नेमलेल्या सहा जणांच्या आयोगात तिघा इंग्रजांनी दोषी धरलं. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव यांना आरोप शाबीत झालेला दिसला नाही.

मांडवीची लेक
त्यातले दोघे स्वतः संस्थानिक. आज गायकवाड, उद्या आपण, हे त्यांना कळत नव्हतं? आणि रयतेच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. १८७३ मध्ये त्या तक्रारींची चौकशी झाली होती. लोक कराखाली पिचत होते आणि महाराज सोन्याच्या तोफा ओतवत होते.

रावपुरेकर
जयाजीराव आणि दिनकरराव १८५७ मध्ये इंग्रजांच्या बाजूनं उभे राहिलेले. तेसुद्धा "शाबीत नाही" म्हणतात, याला वजन आहे. कारभार वाईट होता हे मला मान्य. पण सरकारनंही गादीवरून काढताना विषाचा आरोप बाजूला ठेवून गैरकारभाराचंच कारण दिलं. मग विषाचा डाग आपण का लावायचा? महाराजांना मद्रासला पाठवलं, १८८२ मध्ये ते तिथेच वारले, बडोदं पुन्हा दिसलं नाही.

मामा म्हणतात, गादी गेली म्हणूनच खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंनी कवळाण्याहून मुलगा आणला आणि आपल्याला सयाजीराव लाभले. लाभले, हे आपलं भाग्य. त्यानं खटला खरा ठरत नाही.

मांडवीची लेक
पट्ट्यातल्या पुडीचं मला ठाऊक नव्हतं, तेवढं मागे घेते. पण दामोदरपंत रोज महाराजांच्या जवळ वावरणारा माणूस. माफी मिळाली म्हणून त्याचं सगळंच खोटं धरायचं? वकीलसाहेब, याचं उत्तर द्या.

वकिलीतला एक
सगळं खोटं नाही धरत. पण ज्याची मान स्वतःच अडकली होती, त्याच्या एकट्याच्या शब्दावर मी कुणालाही दोषी ठरवणार नाही. राजालाही नाही, हवालदारालाही नाही.