मदत हवी आहे : बाटलीतल्या डासाच्या अळ्या जगत नाहीत, शनिवारी वर्गात दाखवायच्या आहेत

चोपड्याचे_गुरुजी : पाचवीच्या मुलांना अळी, कोष आणि डास जिवंत दाखवायचे आहेत. दोनदा अळ्या आणल्या, दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी तळाला. आज मंगळवार. काय चुकतंय?

तापीकाठ : पानी कोठलं शे भाऊ? अळ्या कुठल्या? बाटलीत पाणी किती? यातलं काहीच लिहिलं नाही.

चोपड्याचे_गुरुजी : शाळेमागच्या गटारीतल्या. नळाच्या पाण्याने बाटली काठोकाठ भरली, सांडू नये म्हणून झाकण घट्ट लावलं.

अमळनेरची_ताई : गुरुजी, तिथेच घोटाळा. अळी शेपटीकडची नळी पाण्यावर काढून हवा घेते. काठोकाठ भरल्यावर तिला वर यायला जागाच नाही. बाटली अर्धीच भरा, तोंडाला मच्छरदाणीचं कापड दुहेरी करून रबर लावा. पाणी ज्या भांड्यातली अळी त्याच भांड्यातलं घ्या. नळाच्या ताज्या पाण्यात क्लोरीन असतं आणि खायला काही नसतं. लिटरच्या बाटलीत दहा-बारा अळ्या पुरे. बाटली सावलीत. माशांच्या खाद्याची पूड चिमटीपेक्षाही कमी टाका. जास्त पडली तर पाण्यावर साय धरते आणि अळ्या गुदमरतात.

शिरपूरकर : एवढा खटाटोप कशाला? गप्पी मासे सोडा, दोन दिवसांत अळ्या साफ.

तापीकाठ : दादा, त्यांना अळ्या जगवायच्या आहेत.

शिरपूरकर : पण मुलांना उपाय तर हाच शिकवायचा ना?

तापीकाठ : हौदासाठी ठीक. घरचा ड्रम दर पाण्याला रिकामा होतो, मासे बादलीतून जातात. आणि नदी-नाल्यात सोडू नका, तिथले छोटे मासे संपतात.

यावलच्या_काकू : डेंग्यूचा ताप आला तर पपईच्या पानांचा रस द्या, रक्तातल्या प्लेटलेट पेशी वाढतात.

अमळनेरची_ताई : काकू, इथे तापाचं कुणी विचारलं नाही. तरी सांगते, रसावर विसंबून राहू नका, रक्त तपासा. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन मनाने देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

तापीकाठ : गुरुजी, गटारीतली अळी बहुधा क्युलेक्स जातीच्या डासाची. डेंग्यूचा एडिस साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. मुलांना गटार दाखवली तर ती घरचा ड्रम उघडूनही बघणार नाहीत. आपल्याकडे नळाला दिवसाआड, कुठे आठवड्याने पाणी, म्हणून घरोघरी ड्रम, टाकं, रांजण भरलेले. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, काथ्याने किंवा ब्रशने काठ घासावा लागतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस, म्हणून सगळी भांडी रिकामी करून घासायचा कोरडा दिवस आठवड्यालाच.

चोपड्याचे_गुरुजी : मग शनिवारपर्यंत कोष मिळेल?

अमळनेरची_ताई : मोठ्या अळ्या निवडा, त्या एक-दोन दिवसांत कोष होतात. कोष स्वल्पविरामासारखा, काही खात नाही, पुढच्या दोन दिवसांत डास. कापड फाटलेलं नको. दाखवून झालं की पाणी उन्हातल्या कोरड्या मातीवर ओता, मोरीत नको. ज्या ड्रममध्ये आरोग्य सेवकांनी अबेट टाकलंय तिथलं पाणी घेऊ नका, त्यात अळी मरते.

चोपड्याचे_गुरुजी : शाळेच्या बंद कूलरमध्ये टॉर्च मारला. चांगल्या वळवळताहेत.

अमळनेरची_ताई : शनिवारपुरत्या काढून घ्या आणि कूलर आजच रिकामा करून घासा.