बाहुलीची नजर आणि मुलांचे लक्ष

बाहुलीचे तोंड शब्दांबरोबर हलले की काम झाले, हे मत मला पटत नाही. टीव्हीच्या कार्यक्रमात कलाकार हात डोक्यावर उंच धरून, कॅमेऱ्यातील चित्र दाखवणाऱ्या, खाली ठेवलेल्या मॉनिटरकडे पाहत बाहुली चालवतो आणि मनगट किंचित कलले तरी तिची नजर समोरच्यावरून ढळून छताला लागते. मग ती जिवंत वाटतच नाही.

‘सेसमी स्ट्रीट’ या लहान मुलांच्या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमाच्या १९६९ मधील चाचणी भागांत, खरे आणि काल्पनिक यांची सरमिसळ मुलांना गोंधळात टाकील या तज्ज्ञांच्या भीतीपोटी, बाहुल्यांना कार्यक्रमातल्या रस्त्यावर वावरणाऱ्या माणसांपासून मुद्दाम दूर ठेवले होते. प्रत्यक्षात रस्त्यावरच्या नेमक्या त्याच, बाहुल्या नसलेल्या प्रसंगांत मुलांचे लक्ष उडाले. निर्मात्यांनी तज्ज्ञांपेक्षा मुलांचे ऐकले, हे मला फार मोलाचे वाटते, कारण त्यातूनच माणसांत वावरणारा बिग बर्ड हा उंच पिवळा पक्षी जन्माला आला.