माशाचा काटा अडकलाय, एक्स-रे साफ आहे, तरी एन्डोस्कोपी हवीच का?

पेडणेकर_म्हापसा: बाबा, वय 71, वरची कवळी आहे. काल रात्री शेवट्याचं हुमण (माशाची आमटी) जेवताना काटा अडकला. भाताचे गोळे, उंडो (पाव), केळं, सगळं करून झालं. मानेचा एक्स-रे साफ आहे, पण थुंकी गिळतानाही टोचतं. डॉक्टर एन्डोस्कोपीला बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जा म्हणतात. एक दिवस थांबलं तर चालेल? आत नेमकं काय करतात?

रेडिओलॉजी_मडगाव: थांबू नका. एक्स-रे साफ म्हणजे काटा नाही, असं धरू नका. बारीक काटे एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाहीत, सीटी स्कॅनमध्ये दिसतात. बेरियम (एक्स-रेसाठी पाजतात ते पांढरं औषध) मात्र पाजू देऊ नका, त्याने एन्डोस्कोपीच्या दुर्बिणीला पुढचं दिसत नाही. आणि आता गोळे बंद! त्यांनी काटा आणखी रुततो. शिवाय भरल्या पोटी गुंगी दिली की उलटी श्वासनलिकेत जायची भीती.

स्कोप_नर्स: आधी घसा तपासतात, कारण बरेच काटे टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशीच असतात. तिथे नसला तर दुर्बीण. दातांपासून साधारण 15 सेमीवर अन्ननलिकेचं तोंड, सगळ्यात अरुंद जागा, काटा बहुधा तिथेच आडवा बसतो. दुर्बिणीच्या टोकाला पारदर्शक कॅप लावली की भिंती बाजूला सरतात. मग रॅट-टूथ फोर्सेप्स, म्हणजे दातेरी चिमटा, त्याने काटा पकडायचा. दोन्ही टोकं रुतली असतील तर कमी रुतलेलं आधी सोडवायचं, आणि काढताना अणकुचीदार टोक मागे राहील असं धरायचं. टोक पुढे असलं तर बाहेर येतायेता भिंत चिरते. टोक न सोडवता सरळ ओढलं तरी तेच.

युरोपीय मार्गदर्शिकेत अन्ननलिकेतल्या टोकदार वस्तूसाठी शक्यतो 2 तास, फार तर 6 तास दिलेत. तुमचे ते केव्हाच उलटलेत. उशिराने भोक पडून छातीत पू होतो. काटा महाधमनीपर्यंत गेला तर जीवावर बेततं.

पेडणेकर_म्हापसा: निघतोय. क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ करायची गोळी) चालू आहे, आजची गोळी देऊ?

स्कोप_नर्स: आत्ता तोंडाने काहीच नको, पाणीसुद्धा नाही. गोळीचं तिथे ठरवतील. शेवटची कधी घेतली आणि शेवटचं कधी खाल्लं, तेवढं लिहून न्या. कवळी काढून डबीत ठेवा. कवळीने टाळू झाकला जातो, काटा जाणवतच नाही, म्हणून अशा रुग्णांना हे जास्त होतं.

काढल्यानंतर ताप, छातीत किंवा पाठीत कळ, रक्ताची उलटी, किंवा मानेची कातडी दाबली की आत हवेचे बुडबुडे फुटल्यासारखं लागलं, तर तडक परत.