माथेरानच्या जुन्या हॉटेलांच्या गोष्टी : तुम्ही काय ऐकलंय? (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी,

मुंबईतल्या बहुतेक घरांत माथेरानची एक तरी आठवण असतेच, कोणाचे आईबाबा लग्नानंतर गेलेले, कोणाची शाळेची सहल गेलेली. आणि जुन्या बंगल्याच्या हॉटेलात उतरलात तर रात्री जेवणं झाल्यावर व्हरांड्यात कोणीतरी वेटर, माळी, घोडेवाला काहीतरी सांगतोच. ते सगळं इथे एकत्र करूया असं मनात आहे.

पुस्तकातला इतिहास सापडतो. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात पायथ्याच्या चौक गावी मुक्कामाला होता, तिथून वन ट्री हिलच्या बाजूने वर चढला, रामबागेकडून उतरला, मग पुन्हा येऊन त्याने घर बांधलं. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनने बंगला बांधला आणि साहेबलोकांची रीघ लागली, त्यांच्यामागून पारशी, बोहरी, गुजराती शेठ आले आणि त्या बंगल्यांपैकी कितीतरी आज हॉटेलं आहेत. पण मॅलेटला वाट दाखवणारी खालच्या गावातली माणसं, बंगल्यांचे चिरे वाहणारे गडी, खानसामे, त्यांची नावं कुठेच नाहीत. त्यांच्या गोष्टी आल्या तर मला सगळ्यात जास्त आनंद होईल. भुताच्या गोष्टीही चालतील, फक्त जशी ऐकलीत तशीच लिहा, पदरचा मसाला नको.

लालबागची मेधा
मग भुतापासूनच सुरू करते. आम्ही उतरलो होतो त्या हॉटेलात दिवाणखान्यात जुना पियानो होता आणि रात्री मेमसाब येऊन वाजवते असं तिथले एक वयस्कर मामा सांगायचे. आणि रात्री खरंच आवाज आला, एकच सूर, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा. माझी बहीण तर पांघरुणातून बाहेर यायला तयार नव्हती. सकाळी मामांनीच झाकण उघडून दाखवलं. दमट हवेने पट्ट्या फुगलेल्या, एक दाबली की वर यायचं नाव नाही, आत वर्तमानपत्राचे बारीक कपटे करून उंदरांनी घर केलेलं, तारांवरून उंदीर पळाला की सूर निघतो. हे सगळं स्वतः दाखवणारे मामा संध्याकाळी दिवा लावायला त्या खोलीत जाताना दारात थांबून हात जोडत होते! मी विचारलं तर म्हणाले, उंदीर आहेत ते मला माहितीय ताई, पण घर तिचं होतं ना. मला ते फार आवडलं.

गिरगावकर
नेरळ-माथेरानच्या छोट्या ट्रेनची गोष्ट आलीच पाहिजे, कारण ट्रेन आली म्हणून तर हॉटेलं खऱ्या अर्थाने चालायला लागली. आमच्या चर्नी रोडला स्टेशनसमोर आदमजी पीरभॉय सॅनिटोरियम आहे ना, त्याच सर आदमजींची ही गोष्ट. दंतकथा अशी की शेठ नेरळला उतरले तर वर जायला घोडा नाही, पालखी नाही, सगळं आधीच कोणी कोणी ठरवून ठेवलेलं, तसेच उलट्या पावली मुंबईला आले आणि म्हणाले आता जाईन तर माझ्याच गाडीने. शेठ काय म्हणाले ते ऐकायला तिथे कोणी नव्हतं, पण पुढचं सगळं कागदावर आहे. मुलगा अब्दुल हुसेन याने १९०४ ला काम सुरू केलं, १९०७ ला गाडी धावली, खर्च १६ लाख रुपये, त्या काळातले! दोन फुटी रूळ, काही ठिकाणी चढ वीसास एक, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. आजोबा सांगायचे की वॉटर पाईप स्टेशन मागे पडलं की हॉटेलांचे एजंट डब्याला लटकून गिऱ्हाईक पटवायला लागायचे. २००५ च्या २६ जुलैच्या पावसात लाईन वाहून गेली, गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं, त्या मधल्या काळात हॉटेलवाल्यांचे हाल आम्ही डोळ्यांनी बघितलेत.

पनवेलची_लेक (सध्या मुलुंड)
माझ्या आजीचं माहेर धोदाणीकडचं. तिथून सनसेट पॉइंटला वाट चढते. आजी लहान असताना तिच्या आईबरोबर डोक्यावर भाजी आणि दूध घेऊन पहाटे निघायची, कारण हॉटेलात चहाच्या आत दूध पोचायला लागायचं. वर कोणाचं काय चालतं ते तिला सगळं माहीत, कुठला खानसामा माप मारतो, कुठली पारशीण बाई पैसे देऊन वर पावही देते. हॉटेलच्या पुढच्या दाराने ती आयुष्यात कधी आत गेली नाही, तिची सगळी ओळख मागच्या मोरीची आणि चुलीची. साहेबाच्या भुताचं विचारलं तर हसायची, म्हणायची आम्ही अंधारात वाट चढायचो गं, आम्हाला भीती वाघराची आणि पाय घसरायची. धोदाणीची माणसं अजून भाजी घेऊन वर चढतात, कोणी त्या वाटेने गेलात तर त्यांच्याशी बोला, ती माणसं चालत्या पायी जे सांगतील ते कुठल्या पाटीवर लिहिलेलं नाही.

सात_नंबर
माझे वडील एका जुन्या हॉटेलात केअरटेकर होते, म्हणून हा आयडी. मे संपत आला की कामाची झुंबड, व्हरांड्याच्या पावसाकडच्या अंगाला झापं बांधायची, गाद्या गुंडाळून माळ्यावर, कड्याकोयंड्यांना तेल, आणि मग चार महिने सगळं बंद, ते आणि एक गडी एवढेच. आता निळ्या ताडपत्र्या दिसतात. सात नंबरची खोली कायम बंद असायची आणि गिऱ्हाईकांत बोलवा होती की तिथे एका इंग्रज बाईने जीव दिला. खरं म्हणजे त्या खोलीचं छप्पर सगळ्यात जास्त गळायचं म्हणून ती पाहुण्यांना द्यायचेच नाहीत, आणि एक कोरडा कोपरा होता तिथे बाबा पावसाळ्यासाठी तांदूळ आणि घासलेट ठेवायचे. ते कोणाचा गैरसमज दूर करत नसत, कारण त्यामुळे तांदूळ सुरक्षित राहायचा. रात्री पत्र्यावर धाडधाड आवाज यायचा तो जांभळं पडायचा, नाहीतर उदमांजराचा.

दादरचा_नित्या
पिसारनाथाबद्दल थोडक्यात. शार्लट लेकजवळचं शंकराचं देऊळ, माथेरानचं ग्रामदैवत. आमच्या घोडेवाल्याने सांगितलं की सीझनला पहिलं गिऱ्हाईक घ्यायच्या आधी इथे नारळ फुटतो, मग हॉटेल कोणाचंही असो. आणि वन ट्री हिलवरून उतरणाऱ्या वाटेला शिवाजीची शिडी म्हणतात, महाराज इथून शिकारीला यायचे अशी कथा आहे.

कर्जत लोकल
हॉटेलच्या गाईडकडून मेमसाब ऐकून ऐकून कान किटले, पण स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवालांचं नाव एकानेही घेतलं नाही, याचं मनापासून वाईट वाटतं. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, १९१२ ला माथेरानलाच जन्म, गरीब नाभिक घर, शिकून वकील झाले, शेतकरी सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून धान्य कोठारं काढली, १९४२ ला इंग्रजांविरुद्ध आझाद दस्ता ही क्रांतिकारकांची टोळी उभी करून विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हिराजी पाटलांबरोबर गोळ्या झेलल्या. माथेरानला गेलात तर मुलांना एवढं तरी नक्की सांगा.

प्रवासी_अंधेरी
थोडं बाहेरचं चालेल ना? मसुरीचं सॅव्हॉय हॉटेल बघितलंय. तिथे १९११ साली फ्रान्सिस गार्नेट-ऑर्म नावाची, मृतात्म्यांना बोलावण्याचा नाद असलेली बाई विषाने मेलेली सापडली, तो गुन्हा कधी सुटलाच नाही. त्यामुळे तिथल्या भुताला निदान नावगाव तरी आहे. माथेरानच्या मेमसाबला नाव का नाही हा प्रश्न मला तेव्हापासून आहे, माझं मत असं की एक बाई नव्हतीच, गळकी छपरं आणि रिकामे बंगले यांचीच ती मेमसाब झाली.

धागाकर्ता
सगळ्यांचे खूप खूप आभार. आजीची आणि सात नंबरची गोष्ट वाचून फार बरं वाटलं. एक विनंती, हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या गोष्टी वेळेत घ्यायला हव्यात. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करायला सांगितल्या, ते योग्यच झालं, माणसाने माणसाला ओढायचं हे कधीच थांबायला हवं होतं. पण कुठल्या बंगल्यात कोण उतरायचं, कोण किती बक्षिसी द्यायचं हे ज्यांना पाठ आहे ती माणसं आता म्हातारी झालीत. पुढच्या वेळी कोणी जाणार असेल तर त्यांच्याशी बसून बोला, परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. आणि घरात हॉटेलची जुनी बिलं, पावत्या, फोटो असतील तर नाव-पत्ता झाकून इथे टाका. सात_नंबर, वडिलांच्या वेळचं रजिस्टर अजून कुठे आहे का?