मदत हवी आहे: दुसरीचा वर्ग सुरात येत नाही, लयही पळते

षड्ज_पंचम: मुलं 40, आठवड्याला 35 मिनिटांचा एक तास, हाताशी एक पेटी (हार्मोनियम). पट्टी, म्हणजे ज्या सुराला सा धरतो तो, काळी पाच (सप्तकातली पाचवी काळी). आठ-दहा मुलं एकाच सुरावर अडकतात, बाकीची ओरडतात. टाळ्या सुरू झाल्या की लय धावत सुटते. पट्टी चुकतेय की पद्धत?

पेटीवाली: आधी पट्टी. काळी पाच ही मोठ्या बाईच्या गळ्याची. तिथला सा या वयात फार खाली पडतो, म्हणून मुलं तो गात नाहीत, बोलतात. पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी दोन घ्या. गाणं सा ते ध एवढ्यात बसलं पाहिजे. तार सा (वरच्या सप्तकातला सा) आला की ओरडणं आलंच, तशी गाणी सध्या नकोत.

एकसुरी मुलांचा कान सहसा ठीक असतो; गळा वर-खाली सरकवता येतो हे त्यांना उमगलेलं नसतं. भोंग्यासारखा आवाज खालून वर, वरून खाली ओढायला लावा. मग मूल जिथे अडकतं तो सूर पेटीवर शोधा, तोच तुम्ही गा. आवाज जुळला की कसं वाटतं ते त्याला आधी कळू द्या, मग एकच स्वर वर चढा. ‘तू नुसते ओठ हलव’ मात्र कधीच म्हणू नका.

हजेरी प-ग वर घ्या: नावाचा पहिला भाग पंचमावर, उरलेला गंधारावर, मुलाने ‘ह-जर’ त्याच दोन सुरांत म्हणायचं. तासाला दहा जण पुरे.

षड्ज_पंचम: गाताना पेटी पूर्ण वाजवू का?

पेटीवाली: नको. पेटीखाली चुका झाकल्या जातात, तुम्हाला ऐकूच येणार नाहीत. सुरुवातीचा सा द्या, मध्येच एकदा तपासा, बस्स.

दादरा_केरवा: लयीचं सांगतो. दोन टाळ्यांच्या मध्ये हात रिकामे राहतात, म्हणून पुढची टाळी लवकर पडते. केरवा म्हणजे आठ मात्रांचा (ठोक्यांचा) ताल; त्यात पहिल्या मात्रेवर टाळी, दोन-तीन-चारला मांडीवर थाप, पाचवीला ‘खाली’ (टाळी न देण्याची मात्रा) म्हणून तळवा उघडा, सहा-सात-आठला पुन्हा थाप. टाळी दोन बोटांनी तळव्यावर. पूर्ण हाताने वाजली की शेजारचा ऐकू येत नाही आणि चढाओढ लागते. लय मिनिटाला 100 मात्रांच्या आसपास ठेवा. 60 वर आणलीत तर मधली जागा मुलांना धरवत नाही, उलट जास्त पळतात.

आणि नवं गाणं असेल तर पहिल्या तासाला फक्त शब्द, थापेवर बोलून. सूर पुढच्या तासाला.